मागचं विसरा, असं नेमकं कोणाला सांगायचं?

कोयनेच्या धरणग्रस्तांचा विषय निघाला की चारचौघांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. ‘साठ वर्षं झाली हो. किती दिवस तेच धरून बसायचं? मागचं विसरा, पुढचं बघा.’ बोलणारा माणूस वाईट नसतो. बहुतेकदा तो शिकलेला, कष्टानं वर आलेला असतो आणि स्वतःच्या आयुष्यात त्यानं हेच केलेलं असतं. भावकीतली भांडणं सोडून दिली, हातउसने दिलेले पैसे बुडाले तेही सोडून दिले, आणि त्यातच त्याचं भलं झालं. त्याचा अनुभव खरा आहे. पण स्वतःचं गेलेलं सोडून देणं वेगळं आणि दुसऱ्याला त्याचं गेलेलं सोडून दे म्हणून सांगणं वेगळं. सोडण्याचा हक्क ज्याचं गेलं त्याचा. ज्याच्याकडून येणं आहे, त्यानंच ‘जाऊ दे, विसर’ म्हणायला सुरुवात केली तर त्याला बुडवणं म्हणतात. कोयनेच्या बाबतीत येणं सरकारकडून आहे, आणि सरकार म्हणजे त्या धरणाच्या विजेवर वाढलेले आपण सगळे.

आपण विसरभोळा समाज आहोत, असंही नाही. मार्च २०२५ मध्ये खुलताबादच्या औरंगजेबाच्या कबरीवरून नागपुरात दंगल झाली. संचारबंदी लावावी लागली, गाड्या जळाल्या, एक माणूस जिवानिशी गेला. औरंगजेब वारला १७०७ साली. त्याच्याकडून आज कोणाला काही वसूल करता येणार नाही आणि त्याच्या वतीनं देणं लागणारा कोणी जिवंत नाही. तरीही ते धरून ठेवा म्हणणाऱ्यांना सभेत टाळ्या मिळतात. दुसरीकडे, १९६० च्या आसपास ज्याच्या वडिलांची भातखाचरं पाण्याखाली गेली तो मुलगा आज सत्तरीत आहे. त्याच्या जमिनीचे कागद सरकारी दप्तरात आहेत. देणं लागणारं महाराष्ट्र शासन जागेवर आहे. त्याला मात्र आपण विसरायला सांगतो. जो भूतकाळ संपला आहे तो आपण जिवंत ठेवतो आणि जो अजून चालू आहे तो संपल्याचं जाहीर करून टाकतो. या दोन्हींमुळे पुढच्या पिढ्यांचं नुकसान होतं, आणि दुसऱ्यामुळे जास्त, कारण त्याचा गवगवा होत नाही.

कोयनेचं उदाहरण जरा नीट पाहायला हवं. ही नदी महाबळेश्वरात उगम पावते, प्रतापगडाच्या पायथ्याकडून जावळीच्या खोऱ्यात उतरते, सह्याद्रीच्या मुख्य रांगेला समांतर दक्षिणेकडे वाहत हेळवाकपर्यंत येते, तिथे पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला मिळते. त्या वळणाच्या वर १९५० च्या दशकात धरणाचं काम सुरू झालं आणि १९६४ च्या सुमारास ते पुरं झालं. भिंतीची उंची १०३ मीटर, साठा सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. जागा निवडणाऱ्यांची नजर अचूक होती. पश्चिमेला डोंगर तुटून एकदम कोकणात उतरतो. बोगद्यातून पाणी पलीकडे सोडायचं, पोफळीच्या बाजूला शेकडो मीटर खाली टर्बाइनवर पाडायचं आणि मग वाशिष्ठीतून चिपळूणवरून समुद्राला द्यायचं. आज या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉटच्या आसपास आहे. महाराष्ट्राची भाग्यरेषा असं कोयनेला म्हणतात ते उगाच नाही. मुंबई-पुण्याच्या कारखान्यांचे, लोकलचे, घराघरातल्या दिव्यांचे साठ वर्षांचे उपकार त्या खोऱ्यावर नाहीत. त्या खोऱ्याचे ते आपल्यावर आहेत.

या जलाशयाला शिवसागर म्हणतात. तो पन्नास किलोमीटरहून लांब आहे. दोन डोंगरांमधल्या अरुंद पट्टीत पाणी इतकं लांब पसरतं तेव्हा बुडते ती नेमकी तळाची जमीन, आणि तळाचीच जमीन चांगली होती. नदीकाठच्या खाचरांत भात, वर उतारावर नाचणी आणि वरी, त्याच्या वर रान. शंभराच्या आसपास गावं आणि हजारो कुटुंबं या पाण्यानं उठवली. त्यांना लावलेला कायदा इंग्रजांचा होता, १८९४ चा भूसंपादन कायदा. त्या कायद्याला जमीन घेणं माहीत होतं, माणूस वसवणं माहीत नव्हतं. मोजणी झाली, त्या काळच्या भावानं रोख रक्कम हातावर आली, आणि कुटुंबं निघाली. कोणी सांगलीकडे, कोणी सोलापूरकडे, कोणी घाट उतरून रत्नागिरी, रायगड, ठाण्याकडे. एका वाडीतले सख्खे भाऊ दोन जिल्ह्यांत गेले. जिथे गेले तिथल्या गावानं त्यांना ‘कोयनावाले’ म्हणून वेगळं ठेवलं, आणि जिथून आले ते गाव नकाशात उरलं नाही.

महाराष्ट्राचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ साली झाला. धरण पुरं झाल्यानंतर बारा वर्षांनी. त्यानंतर १९८६ चा आला, मग १९९९ चा, आणि केंद्राचा २०१३ चा. प्रत्येक कायदा आधीच्यापेक्षा बरा होता आणि प्रत्येकात कोयनेचा अनुभव मुरलेला होता. लाभक्षेत्रात, म्हणजे धरणाचं पाणी मिळतं तिथे, जमीन द्यावी, गावठाणाला रस्ता-पाणी-शाळा-स्मशानभूमी द्यावी, घरटी एकाला नोकरीत संधी द्यावी, हे शहाणपण ज्यांच्या हालांतून आलं, ते मात्र कायद्याच्या आधीचे म्हणून मागे राहिले. त्यांच्यासाठी शासन निर्णय निघाले, बैठका झाल्या, समित्या नेमल्या गेल्या. काहींना जमिनी मिळालेल्या आहेत, हे मान्य करायला हवं. काहींना मिळालेली जमीन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात होती. आणि अनेकांच्या वाट्याला फक्त तारीख आली.

काही कुटुंबं खोरं सोडून गेलीच नाहीत. पाणी जिथवर येईल त्याच्या वर, उतारावर सरकली आणि तिथेच घरं बांधली. खाचरं गेली, नाचणीवर दिवस काढले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं दगावली, कोयनानगर आणि आजूबाजूच्या वाड्या जमीनदोस्त झाल्या. धरण टिकलं. लोकांनी घरं पुन्हा उभी केली. १९८५ मध्ये त्याच उतारावर कोयना अभयारण्य जाहीर झालं. २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा जागतिक वारशात समावेश झाला, त्यात हे रानही आहे. यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या जागी योग्य आहे. वाघाचं रान राखायलाच हवं. पण उतारावरच्या त्या माणसाच्या नजरेतून पाहा. त्याच्या घराला पहिली नोटीस विजेसाठी आली, दुसरी जंगलासाठी. गावाचा रस्ता दुरुस्त करायचा तर वनखात्याची परवानगी लागते आणि ती मागायला गेलं तर उत्तर मिळतं की, तुम्ही कधीतरी उठणारच आहात, मग रस्त्यावर खर्च कशाला? जे गाव आज ना उद्या उठणार म्हणून साठ वर्षं काहीच मिळत नाही, त्या गावानं पुढचं बघायचं म्हणजे काय बघायचं?

इथे एका नोंदवहीविषयी सांगायला हवं, कारण सगळा प्रश्न तिच्यात अडकलेला आहे. पुनर्वसनाच्या कामात संकलन रजिस्टर नावाचं एक रजिस्टर असतं. मूळ खातेदार कोण, त्याची किती जमीन गेली, घर गेलं का, मोबदला किती मिळाला, बदली जमीन कुठे आणि किती दिली, बाकी काय, वारस कोण, हे गावनिहाय त्यात लिहिलेलं असतं. ते पूर्ण असेल तर कोणाला काय द्यायचं हे एका दिवसात सांगता येतं. ते अपुरं असेल तर प्रत्येक कुटुंबानं आपलं गाव खरंच बुडालं हे पुन्हा पुन्हा सिद्ध करत बसायचं. गेल्या दशकात धरणग्रस्तांसाठी लढणाऱ्या श्रमिक मुक्ती दलाच्या आणि त्याचे नेते डॉ. भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो धरणग्रस्त कोयनानगरला ठिय्या देऊन बसले. म्हाताऱ्या बायका उघड्यावर झोपल्या. त्यांच्या मागण्यांमध्ये हे रजिस्टर पुरं करा ही मागणी होती. ही माणसं जुनं उगाळत बसली आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी ही मागणी शांतपणे वाचावी. हिशेब पुरा करा आणि आम्हाला मोकळं करा, एवढंच तिच्यात आहे.

आणि हिशेब पुरा करणं महाराष्ट्राला अवघड होतं, हे मला पटत नाही. याच जलाशयात १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये लेक टॅपिंग झालं. भरलेल्या तलावाच्या तळाखालून बोगदा न्यायचा, शेवटचा खडक स्फोटानं उडवायचा आणि पाणी नेमकं आत घ्यायचं. आपल्या अभियंत्यांनी ते दोन्ही वेळा बिनचूक केलं, आणि त्याचा अभिमान मलाही आहे. ज्या राज्याला पाण्याखालचा खडक इतका अचूक फोडता येतो, त्याला शंभरेक गावांची यादी सहा दशकांत पुरी करता येऊ नये?

दिरंगाईचं एक वैशिष्ट्य असं की ती स्वतःचं समर्थन स्वतःच तयार करते. १९६० साली एका सातबाऱ्यावर एक खातेदार होता. त्याला त्याच वर्षी तीन-चार एकर दिले असते तर विषय तिथेच मिटला असता. दिले नाहीत. खातेदार वारला, मग चार मुलगे आणि तीन मुली वारस लागले. ते वारले, त्यांची मुलं लागली. आज त्या एका नावामागे वीस-पंचवीस जण उभे आहेत, निम्मे मुंबई-नवी मुंबईत, एखादा परदेशात, एखाद्याचा पत्ताच नाही. वारस नोंदीचा फेरफार अडतो, संमतिपत्र अडतं, प्रकल्पग्रस्ताचा दाखला कोणाच्या नावानं काढायचा यावरून भावांत अबोला येतो. आणि मग अधिकारी म्हणतात, ‘वारसच इतके झालेत, आता द्यायचं तरी कोणाला?’ वारस वाढले ते उशिरामुळे. उशीर केला तो कार्यालयांनी. शिक्षा मात्र वारसांना.

दुसऱ्या बाजूलाही काही म्हणायचं आहे आणि ते टाळून पुढे जाणं बरोबर नाही. जमीन आता उरलेली नाही, हे बऱ्याच अंशी खरं आहे. तिसऱ्या पिढीतल्या अनेकांना शेती करायचीच नाही, हेही खरं. जमिनी आणि दाखले यांच्यावर दलालांची एक जमात पोसली गेली. खऱ्या धरणग्रस्ताकडून चार पैशात कागद घेऊन त्यावर स्वतः लाभ उठवणारे सातारा-सांगलीत सगळ्यांना माहीत असतात. शिवाय वाट पाहण्यानं माणसाचं नुकसान होतं. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्या दाखल्यावर काहीतरी लागेल या आशेवर पोरगा बसतो, वयाची मर्यादा निघून जाते, आणि तोवर दुसरं काही शिकायचं राहून जातं. घरातली म्हातारी माणसं प्रत्येक निवडणुकीआधी पिशवीतले कागद काढून पुन्हा पिशवीत ठेवतात. हे जगणं कोणी कोणाला शिकवू नये. म्हणूनच मी धरून ठेवण्याच्या बाजूनं बोलत नाही. सोडून देता यावं, यासाठी बोलतो आहे. पण सोडून देता येण्याची एक अट असते: समोरच्यानं काय घेतलं ते कबूल करायला हवं आणि जे परत देता येईल ते द्यायला हवं. त्याआधी विसरायला सांगणं म्हणजे जखमेत काटा तसाच ठेवून वरून पट्टी बांधणं.

जुलमाचं वय किती, यावरून तो संपला की नाही हे ठरत नाही, हेही स्पष्ट करायला हवं. नाहीतर कोणी म्हणेल, साठ वर्षांचं चालतं आणि तीनशे वर्षांचं चालत नाही, ही रेघ कुठली? रेघ वर्षांची नाहीच. अस्पृश्यता शेकडो वर्षं जुनी आहे. पण महाडला चवदार तळ्याच्या सत्याग्रहासाठी १९२७ साली लोक जमले ते जुन्या काळाचा सूड उगवायला नव्हे. त्या दिवशी, त्या तळ्याचं पाणी त्यांना बंद होतं म्हणून. डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करायला १९९३ मध्ये कायदा करावा लागला आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये पुन्हा करावा लागला. गटारात उतरून गुदमरून मरणारा कामगार आजही कुठल्या समाजातला असतो, ते आपल्याला माहीत आहे. ‘आता जात कुठे राहिली, विसरा’ असं त्या घरात जाऊन सांगायची हिंमत ज्याच्यात असेल त्यानं सांगावं. ज्याचा फटका आज बसतो, तो भूतकाळ नव्हेच. उलट ज्याचा फटका आज कोणालाही बसत नाही, पण ज्याच्या नावानं आजच्या शेजाऱ्याला फटका देता येतो, तो भूतकाळ मात्र खाली ठेवायला हवा. कोयनेच्याच उगमाकडे, प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची कबर आहे. शिवाजी महाराजांनीच ती बांधवली, असं परंपरा सांगते. जिवावर उठलेल्या शत्रूला मेल्यानंतर जमीन देणारा राजा ज्यांचा आहे, त्यांना मेलेल्यांशी भांडत राहण्याची गरज पडू नये.

त्याच खोऱ्यात ट्रेकिंगला जाणाऱ्यांना वासोटा किल्ला, म्हणजेच व्याघ्रगड, माहीत आहे. बामणोलीहून लाँच घ्यायची, तासाभरात पलीकडच्या काठाला उतरायचं आणि किर्र रानातून व्याघ्रगडावर चढायचं. लाँचवर घोषणा होतात, भगवे झेंडे असतात, १८१८ मध्ये इंग्रजांनी गडावर तोफा कशा डागल्या ते कोणीतरी सांगतं. हे सगळं मला प्रिय आहे. माझी एवढीच इच्छा आहे की, ज्या पाण्यावरून आपण जातो त्याच्या खाली गावं आहेत, त्यांची नावं काय होती, तिथल्या ग्रामदैवताचं पुढे काय झालं, हेही त्या लाँचवर कोणीतरी सांगावं. लाँच चालवणारा बहुधा त्याच खोऱ्यातला असतो. त्याला विचारलं तर तो सांगतो. पण आपण विचारतो गडाबद्दल.

हे फक्त एका खोऱ्याचं दुखणं नाही. मुळशीला सेनापती बापटांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू केला तो १९२१ साली. तेव्हाही मुंबईला वीज हवी होती आणि मावळ्यांची भातशेती आड येत होती. शंभर वर्षं उलटली तरी धरण बांधणाऱ्याचा युक्तिवाद तोच आहे. आणि गिरणगावाकडे पाहा. सातारा आणि कोकणच्या डोंगराळ भागातून, म्हणजे कोयनेच्याही काठच्या वाड्यांतून, माणसं मुंबईत माथाडी झाली, गिरणी कामगार झाली. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगारांनी संप पुकारला. तो कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही, गिरण्याच संपल्या. १९९१ च्या नियमानं गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश घरांसाठी आणि उरलेला मालकाला असं ठरलं होतं. २००१ मध्ये नियमात बदल करून वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीची ठेवली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम केला, आणि शहराच्या व कामगारांच्या वाट्याची जमीन पाहता पाहता आटली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी २०१२ मध्ये निघालेल्या सोडतीत ६,९२५ घरं होती आणि अर्जदार लाखाच्या वर. जुलै २०२५ मध्ये सत्तरी-ऐंशीतले कामगार आणि त्यांच्या विधवा पुन्हा आझाद मैदानात आल्या, कारण त्यांना मुंबईबाहेर, शेलू-वांगणीकडे घरं दाखवली जात होती. लोअर परळच्या काचेच्या इमारतींना आपण मुंबईचं भविष्य म्हणतो. ते भविष्य कोणाच्या जमिनीवर उभं आहे हे विचारलं की विचारणारा मागासलेला ठरतो. मला वाटतं, हे विचारल्याशिवाय पुढे जाणारा समाज कोणालाच भरवसा देऊ शकत नाही. उद्या रस्त्यासाठी, बंदरासाठी, विमानतळासाठी तुमची जमीन मागितली जाईल तेव्हा तुम्ही कोयनेकडे पाहूनच उत्तर द्याल. राज्यात आज प्रत्येक मोठ्या प्रकल्पाला जो कडवा विरोध होतो, त्याचं एक मोठं कारण जुनी देणी न फेडल्यानं गेलेली पत आहे.

जुना हिशेब मिटवून पुढे जाण्याचं एक उदाहरण न्यूझीलंडचं आहे, आणि ते आपल्याला उपयोगी पडण्यासारखं आहे. तिथे १८६० च्या दशकात युद्धानंतर सरकारनं वायकाटो भागातल्या माओरींची, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांची, लाखो एकर जमीन जप्त केली. शंभराहून अधिक वर्षं ते लोक तेच सांगत राहिले आणि त्यांनाही विसरा म्हणून सांगितलं गेलं. १९७५ मध्ये वैतांगी न्यायाधिकरण स्थापन झालं. १९८५ मध्ये त्याला १८४० पर्यंत, म्हणजे माओरींशी वैतांगी करार झाला तिथवर, मागे जाऊन तक्रारी तपासण्याचा अधिकार मिळाला. १९९५ मध्ये वायकाटो-तैनुई या लोकांशी १७ कोटी न्यूझीलंड डॉलरचा समझोता झाला. त्यात काही जमीन परत आली, आणि समझोत्याच्या कायद्यातच सरकारची लेखी माफी घातली गेली. त्यावर राणी एलिझाबेथनं स्वतः सही केली. जे गेलं त्याच्या तुलनेत मिळालेली रक्कम फार थोडी होती. तरीही त्या लोकांनी ती घेतली आणि तिच्यातून उद्योग उभे केले. माझ्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट याच्या पुढची: ऐतिहासिक तक्रारी दाखल करायला १ सप्टेंबर २००८ ही शेवटची मुदत कायद्यानं ठरवण्यात आली. आधी ऐकून घेतलं, कबूल केलं, देऊ केलं, आणि मगच दार बंद करण्याची तारीख लावली. आपण दार आधी बंद करतो आणि आतून ‘पुढे व्हा’ म्हणून सांगतो.

कोयनेसाठी असं काही करणं शक्य आहे. संकलन रजिस्टर एका वर्षात पुरं करून गावनिहाय चावडीवर आणि संकेतस्थळावर लावावं. हरकतींना सहा महिने द्यावेत. मग ते अंतिम समजावं. लाभाचा एकक आजचा वारस नव्हे, तर १९६० चा मूळ खातेदार धरावा, म्हणजे आकडा फुगणार नाही आणि वारसांनी आपापसात वाटणी करायची ती तालुक्यात शिबिरं भरवून, तलाठी-तहसीलदार समोर बसवून करून द्यावी. जमीन, घरासाठी भूखंड किंवा आजच्या बाजारभावानं रक्कम, यांपैकी काय हवं ते कुटुंबानं निवडावं. ज्यांना पूर्वी जमीन मिळाली, पण जी अजून भोगवटादार वर्ग २ मध्ये, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनींत, अडकून आहे, त्यांना ती कुठलाही अधिमूल्याचा भरणा न घेता वर्ग १, म्हणजे पूर्ण मालकीची, करून द्यावी. जमिनीच्या बदल्यात मिळालेली जमीन विकायला कलेक्टरची परवानगी का लागावी? नव्या वसाहतींतले रस्ते, पाणी, स्मशानभूमी हे राहिलेलं काम एका अर्थसंकल्पात बसेल इतकंच आहे. आणि विधिमंडळानं एक ठराव करावा, बुडालेल्या प्रत्येक गावाचं नाव घेऊन. त्यानंतर दाव्यांची शेवटची तारीख जाहीर करावी. ती तारीख धरणग्रस्तांनीही मान्य करावी, असं मी त्यांच्या नेत्यांना आत्ताच सांगेन. प्रत्येक नातवाला चार एकर हा आग्रह त्यांनी सोडायला हवा. तो धरला तर चौथी पिढीही पिशवीतले कागद जपत बसेल.

घाई आहे, कारण त्याच खोऱ्यासाठी नवं भविष्य आखणं सुरू झालं आहे. मुनावळ्याला जलपर्यटन केंद्र झालं. सातारा, जावळी आणि पाटण तालुक्यांतल्या दोनशेहून अधिक गावांसाठी ‘नवीन महाबळेश्वर’ आखलं जात आहे आणि ते काम रस्ते विकास महामंडळाकडे सोपवलं आहे. पर्यटन येऊ द्या, रोजगार येऊ द्या. तिथल्या तरुणांना तो हवाच आहे. पण जलाशयाच्या काठाला दर्शनी जमीन म्हणून भाव येण्याआधी दलाल तिथे पोचतात, आणि वर्ग २ च्या अडलेल्या, वारसांत भांडण लागलेल्या जमिनी सर्वांत स्वस्त जातात. म्हणून त्या आराखड्याला एक अट जोडली जावी: कोयना धरणग्रस्तांचं संकलन रजिस्टर अंतिम होऊन प्रसिद्ध होत नाही, तोवर त्या खोऱ्यात कुठल्याही नव्या प्रकल्पासाठी एक गुंठाही संपादन नाही, आणि काठावरच्या लाँच, निवास, दुकानगाळे यांच्या परवान्यांत पहिला हक्क बुडालेल्या गावांच्या खातेदारांचा. ही अट सातारा-सांगलीच्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून पुढच्या अधिवेशनात मांडावी, आणि त्या काठावर सुट्टी घालवायला जाणाऱ्या आपण पुण्या-मुंबईच्या लोकांनी तिच्या पाठीशी उभं राहावं.